मार्चपर्यंत फुल्ल

ओहायोतलं हार्डवेअरचं दुकान विकून वेंडेलने फ्लोरिडातल्या ‘की लार्गो’ बेटावर एक आरव्ही पार्क विकत घेतला, तोही नुसते फोटो बघून.

“चाकांवरची घरं घेऊन लोक येतात, समुद्राकाठी राहतात, भाडं देतात,” तो बायकोला, डार्लीनला समजावत होता.

“आणि नाही आले तर? तुझे फोटो खायचे का?”

जानेवारीत दोघं आपल्या आरव्हीतून पहिल्यांदाच तिथे पोचली. वेंडेल उतरून फाटकापाशी गेला. तिथल्या व्यवस्थापक ओपलबाईंनी वहीतून डोकं वर न काढताच सांगितलं, “बुकिंग नसेल तर मार्चपर्यंत एकही जागा नाही.”

“अहो, पण या पार्कचा मालक...”

“मालकाची ओळख सांगणारे सकाळपासून तुम्ही तिसरे! तो बसलाय तिकडे ओहायोत. स्वतः आला तरी जागा नाही म्हणजे नाही.”

वेंडेल हसत हसत परत आला.

“काय झालं?” डार्लीनने विचारलं.

“हाकलून दिलं मला!”

डार्लीनने आरशात बघितलं. मागे बुकिंगवाल्यांच्या आरव्हींची लांबलचक रांग लागली होती.

“मग दात काय काढतोस? गाडी बाजूला घे आधी. आपली गिऱ्हाईकं खोळंबलीयेत.”