ऐंशी डाव्या बाह्या

मास्टरांनी निळ्या कापडावर खडूने बाहीची रेघ मारली, टेपने मोजली आणि तळहाताने पुसून टाकली. ही चौथी वेळ. कात्री शेजारीच पडली होती. तिला त्यांनी बोटही लावलं नाही.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बटणं लावणाऱ्या आप्पांनी हे चष्म्याच्या वरून पाहिलं. आप्पा म्हणजे मास्टरांचे वडील. वय ब्याऐंशी, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवायचे, आणि ओवला की कुणी बघितलं का, ते हळूच पाहून घ्यायचे. मास्टर स्वतः अठ्ठावन्नचे. अख्ख्या बाजाराच्या लेखी कापण्यात एक नंबर. आप्पांच्या लेखी बाळ्या.

दोन महिन्यांपूर्वी बाळ्याने गणवेशांच्या तीन ऑर्डरी एका दमात घेतल्या. वीस दिवस धड जेवण नाही, धड झोप नाही, फोन वाजला की दचकणं. एकविसाव्या दिवशी त्याने ऐंशी बाह्या कापल्या, त्या सगळ्या डाव्या. कापडाचे थर लावताना एकाआड एक उलटा टाकायचा, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते, हे बाळ्याला नवव्या वर्षापासून ठाऊक. तरी सगळे थर सुलटे पडले. कापड एकाच बाजूने चकचकीत, त्यामुळे बाही उलटवून लावायचीही सोय नाही. कारखान्याचा माणूस पोट धरून हसला आणि मुदत वाढवून गेला. पुढचं कापणं शेजारच्या गल्लीतल्या मास्टरने करून दिलं. प्रकरण मिटलं.

बाळ्याचं मात्र मिटलं नाही. काम संपलं तरी छातीतली धडधड थांबेना. मग हळूहळू तीही थांबली, आणि आप्पांना ते जास्त वाईट वाटलं. आता तो नुसता बसून राहायचा. गिऱ्हाईक आलं की तेवढ्यापुरता हसायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्टर, तब्येत ठणठणीत दिसतेय!"

"बाळ्या, काप की."

"कापतो. एकदा माप बघून घेतो."

"माप काय पळून चाललंय?"

मास्टर हसले नाहीत. त्यांनी परत टेप उचलली.

आप्पांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली, उठले, आणि अंगातला स्वेटर काढला. आत निळाशार नवा शर्ट. दोन्ही हात खाली सोडून ते बाळ्यासमोर फोटोला उभं राहिल्यासारखे उभे राहिले.

"कसा दिसतोय?"

मास्टरांची नजर सवयीने खांद्यावरून मनगटापर्यंत फिरली. "छान बसलाय. कुणी शिवला?"

आप्पांनी उजवा हात वर केला. शर्ट खांद्यापासून ओढला गेला, कॉलर सरकून कानाखाली आली आणि हात अर्ध्यावरच अडकला.

"आप्पा! दोन्ही डाव्या लावल्यात? अहो, लोक हसतील."

"हसले ना. इस्त्रीवाला हसला. डॉक्टरीणबाई पण हसल्या."

"डॉक्टरीणबाई? तुम्ही दवाखान्यात कशाला गेला होतात?"

"त्यांना दाखवलं, हात खाली असला की काही कळतं का? नाही म्हणाल्या. म्हटलं, माझ्या मुलाचं तसंच झालंय. बारा वाजता घेऊन या म्हणाल्या."

मास्टरांनी टेप बोटाभोवती गुंडाळायला घेतली. गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"मला काय झालंय? ताप नाही, खोकला नाही. तिथे जाऊन सांगू तरी काय? पाठ दुखते म्हणून?"

"ते नको," आप्पा म्हणाले. "ते मी सांगून झालंय."

टेप थांबली.

"तू सातवीत होतास. तीन महिने दुकान बंद होतं, आठवतं? कात्री उचलायचो आणि तशीच खाली ठेवायचो. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. सगळ्यांना सांगितलं, पाठ धरलीय."

"आप्पा, मी रोज शाळेतून आलो की तुमची पाठ चेपायचो."

"चेपायचास. जीव लावून चेपायचास."

"आणि दुखत नव्हती?"

"एक दिवसही दुखली नाही रे."

हे आप्पांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बाळ्याच्या आईलासुद्धा नाही. आता सांगून टाकलं, तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी लाजल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला.

"पण पाच वाजता तू येणार, एवढ्यासाठी दिवस काढायचो," ते म्हणाले.

बाहेर इस्त्रीवाल्याने कुणाला तरी हाक मारली. मास्टरांनी निळ्या कापडाची घडी घातली आणि कात्री तिच्यावर ठेवली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला त्यांचा हात लागला. मग ते खाली बसून चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या, तरी बराच वेळ सापडेनात. आप्पांनी घाई केली नाही.

"शर्ट तरी बदला आप्पा. असे येणार माझ्याबरोबर?"

"असाच येणार. वाटेत तूही हस जरा."

मास्टरांनी दाराला 'जरा वेळाने येतो'ची पाटी लावली. दोघे रस्त्यावर आले. आप्पांनी उजवा हात उचलला. बाहीने जाऊ दिला तेवढाच तो वर गेला, आणि बाळ्याच्या पाठीवर जाऊन टेकला.