टपालपेटीपर्यंत

"जन्मतारीख?" मारिटनं विचारलं.

"तुझी की माझी?"

"सोल्वेग, थट्टा पुरे. आत विचारतील."

"चौदा मार्च. नाव मारिट हाउगेन. शाळेसाठी पळते, खात काही नाही आणि धाकट्या बहिणीवर दादागिरी करते." सोल्वेगनं गाडीच्या आरशात बघून केस थोरलीसारखे मागे घट्ट बांधले.

पिकअप फार्गो शहरातल्या दवाखान्यासमोर उभी होती. इथं दोघींना कुणी ओळखत नव्हतं. गावातले म्हातारेसुद्धा त्यांच्यात गल्लत करायचे, मग लायसन्सवरचा फोटो कोण निरखून बघणार?

मारिटचं पळणं बघून कॉलेजनं तिचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. सही करण्याआधी फक्त हृदयाचा आलेख हवा होता. घोडा विकत घेतानाही लोक दात बघतात.

तीन शर्यतींत शेवटच्या रेषेवर मारिटच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. बूट सरकला, असं तिनं डाल नावाच्या कोचला सांगितलं होतं. कोचला एवढंच यायचं, "हलकी हो, वेग येईल." ती दिवस दिवस अर्ध्या सफरचंदावर काढायची. पण अंधारी कशाची, हे तिनं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. बाप एक्केचाळिसाव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या गेला होता. तेच हृदय आपल्या छातीत आहे. आलेखात ते दिसलं की कॉलेज संपलं. मग आईशेजारी बीटच्या साखर कारखान्यात जन्मभर बीटांवरचा चिखल धुवायचा. पळता पळता मेलं तरी चालेल, पण तिथं नाही.

"मला काय देणार?" सोल्वेगनं दार उघडत विचारलं.

"माग."

"उन्हाळ्यात मला पळायला शिकव."

"तुला? टपालपेटीपर्यंत जाताना दोनदा बसतेस तू. ऐदी कुठली!"

"म्हणून तर म्हणते."

पाऊण तासानं ती परत आली.

"ओळखलं?" मारिटनं काच खाली करत विचारलं.

"कोण ओळखतंय? दोनदा आलेख काढला, बस्स. बाबांचं विचारलं, ते खरं सांगितलं. ते तर दोघींचेच होते ना."

"दोनदा का काढला?"

"मला काय माहीत? चल, भूक लागलीय. तूही खा काहीतरी, काटकुळे."

मारिटनं काही खाल्लं नाही. दोनदा म्हणजे संशय आला. पुढचे तीन दिवस फोन वाजला की आईच्या आधी तीच उचलायची. आता कॉलेजला कळवतील, शाळेतून काढतील, आईला बोलावतील.

शनिवारी आई कामावर होती. पोस्टाची गाडी खडीच्या रस्त्याच्या टोकाला थांबून गेली. टपालपेटी घरापासून अर्धा मैल होती.

"तुझं कॉलेजचं पत्र आलं असेल," सोल्वेगनं कोट चढवला. "मी आणते. तुझ्या हातून वाटेतच फाटेल ते."

"जा, पण आज तरी संध्याकाळच्या आत ये."

सोल्वेगनं जीभ दाखवली आणि ती गेली.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"मारिट हाउगेन? मी डॉक्टर बोलतोय, फार्गोहून. घरी कुणी आहे?"

"आई कामावर आहे." संपलं, पकडले गेलो. "डॉक्टर, मी सगळं सांगते..."

"आधी खाली बस, बाळा. मला बोलू दे. तुझ्या वडिलांना जे होतं, तेच तुला आहे. आलेखात स्पष्ट दिसतंय, म्हणूनच दोनदा काढला. आईला बोलावून घे आणि आजच इथं ये. तोवर पळायचं नाही. दहा पावलंसुद्धा नाही, ऐकतेयस? इतकी वर्षं पळून तू जिवंत कशी राहिलीस, याचंच मला नवल वाटतंय."

मारिट फोन कानाला धरूनच खिडकीकडे वळली.

खिडकीबाहेर सपाट शेतांमधून सरळ येणाऱ्या रस्त्यावर सोल्वेग दिसत होती. कॉलेजचं जाडजूड पाकीट डोक्यावर नाचवत, तोंडभर हसत, जन्मात पहिल्यांदा ती जीव खाऊन पळत येत होती.