खरं तेवढंच खोटं ठरलं

शाळेतल्या बाईंनी मला पोरांसमोर उभं केलं, आम्हा जिप्सींच्या चालीरीती सांगायला. मागे माझी नात मिझेली मान खाली घालून बसली होती. "आजोबा, मी तुमची आहे हे वर्गात कुणाला कळू देऊ नका हं," असं तिने बजावलं होतं.

माझी घोडी धुक्यावर पाय देत नदीपार गेली, हे पोरांनी माना डोलावत ऐकलं. मग मी त्या दिवसातलं एकमेव खरं बोललो. "आमच्यात माणूस गेलं की त्याची राहती घोडागाडी कपबश्या-बिछान्यासकट जाळतात. माझ्या बायकोचीही गेल्या वर्षी जाळली."

"कायच्या काय थापा!" एक पोरगा ओरडला. वर्ग खिदळला.

मागे खुर्ची सरकली. मिझेली उभी होती.

"थापा नाहीत. ती माझी आजी होती. तिला एकटं वाटू नये म्हणून मी माझी लाकडी बाहुली गुपचूप गाडीत ठेवली होती."

पोरांनी आ वासले. सगळ्यांत मोठा आ मी वासला होता. ती बाहुली मीच कोरून दिलेली. हरवलीस म्हणून मी तिला वर्षभर बोलत होतो, आणि पोरीने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं.