एका ताटातलं पथ्य

२०१६ साली, रमजान ईद होऊन आठवडा झाला नसेल, लालबीनं घरातला साखरेचा डबा उचलून शेजारणीला देऊन टाकला.

मोहल्ल्यातल्या शिबिरात नवरा-बायको दोघांनी रक्त तपासायला दिलं होतं. निकाल आणायला ती एकटीच गेली होती.

"मला साखर निघालीय," तिनं नवऱ्याला सांगितलं.

अल्लाउद्दीनच्या डोळ्यांपुढं थोरला भाऊ आला. भावानं साखरेचं नाव ऐकलं होतं आणि हायच खाल्ली होती. जेवण टाकलं, खाट धरली, तो काही उठला नाही.

"मग आता गं?"

"गोळ्या सध्या नकोत म्हणाल्या धम्मप्रिया डॉक्टरीणबाई. जेवण सांभाळायचं, चालायचं. तुमी खा की तुमचं. मी ताट वेगळं घेते."

"वेगळं ताट?" तो उखडला. "निकाहापासनं एका ताटात जेवलो. आता तू दोडका खानार अन् मी समोर बसून शिरा चापू व्हय?"

ताट एकच राहिलं, आतलं बदललं. अर्ध्या ताटात मेथी-घोळीची पालेभाजी, काकडी. शेजारी मटकीची उसळ. ज्वारी चांगली म्हणून तीन-तीन भाकऱ्या हाणायच्या नाहीत, एकेकच. शुक्रवारच्या बिर्याणीत तांदूळ मूठभर आणि कांदा-काकडीचा ढीग.

"ही बिर्याणी हाय का मंडई?" अल्लाउद्दीन म्हणे, आणि ताट पुसून खाई.

चहा बिनसाखरेचा झाला.

"तुमच्यात घालू का चमचाभर?"

"गप. पी."

जेवण झालं की तो तिला चालायला काढायचा. सात रस्ता चौकापर्यंत तो पुढं ताडताड, ती मागं धापा टाकत.

तपासणीला गेलं की लालबी सुई बघून डोळे मिटायची. "आधी माझं काढा," तो बाही सरसावून धम्मप्रिया डॉक्टरांना सांगायचा. "तिला धीर येतो."

एका ईदेला माहेरी आलेल्या सबिहानं आईला शेजारणीकडं शिरखुर्म्याची वाटी चाटताना पकडलं.

"अम्मी! अब्बा तुझ्यासाठी जीभ मारून जगतायत, अन् तू?"

"अब्बांना बोलू नको. माझी शपथ हाय तुला."

सबिहा रुसून अक्कलकोटला सासरी निघून गेली.

पुढं तिला जुळ्या मुली झाल्या आणि रुसवा विरला. अल्लाउद्दीनचं सुटलेलं पोट उतरलं. मशिदीबाहेर तो लोकांना गाठून बायकोची साखर कशी आटोक्यात ठेवायची ते सांगू लागला. धम्मप्रिया डॉक्टरांनी गेल्या साली दवाखाना आवरला. त्या लातूरला गेल्या.

जाण्याआधी त्यांनी दोघांना एकदा तपासलं. सगळं ठीक निघालं. अल्लाउद्दीन खुशीत रिक्षा बघायला बाहेर पडला, तशा डॉक्टर हळूच म्हणाल्या, "चाची, मी चालले. आता तरी चाचांना सांगू या का, की साखर तुम्हाला कधीच नव्हती, त्यांनाच आहे?"

"नको वं बाई," लालबी चपला शोधत म्हणाली, "बायकोला जगवतोय म्हनून लई ऐटीत चालत्यात. चालू द्या की."