संगीताचा ढावलो

आमच्या तांड्यात सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, म्हणजे रडत रडतच गाते. संगीताला मात्र रडूच येईना. नवरदेव बादल तिनं स्वतः पसंत केलेला, त्यामुळं सकाळपासून तिच्या गालातलं हसू काही केल्या मावळत नव्हतं.

"रड व माय," तिच्या याडीनं, म्हणजे आई सुखीबाईनं, लेकीच्या दंडाला चिमटा घेतला. "नाही त बाया म्हणतीन, याडीनं पोरीले मायाच लावली नाही."

डॉक्टरांनी संगीताला बजावलं होतं, दम्याचा पंप ओढला की चूळ भरायची, नाही तर आवाज बसतो. आणि जास्त ओढला तर हात कापतात, छाती धडधडते. पण हळदीपासून चुलवणाच्या धुरात पंप सारखाच लागत गेला, आणि लग्नघरात चूळ भरायला फुरसत कुणाला?

निघायच्या वेळी तिनं ढावलो उचलला, तर गळ्यातून नुसती फाटकी हाक आली. मेंदीचे हात थरथरले. धडधडती छाती दाबून धरत ती आईच्या गळ्यात पडली, आणि अख्खा तांडा हुंदके देऊ लागला.

"कशी कासावीस झाली व पोर!" बाया डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं रडत होती सुखीबाई.

 

रडता रडताच ती लेकीच्या कानाशी कुजबुजली, "तुह्यापाशी पंप तरी हाय. मले त मह्या पाठवणीलेबी डोयाले कांदाच चोळा लागला, आन् आजबी!"