मुलींच्या बाकावर

"दफनभूमीत आगाऊ जागा कोणालाच देत नाही," फादर म्हणाले.

मला मरणानंतर माझ्या बायकोच्या, रेजिनाच्या शेजारीच जागा हवी होती. म्हणून मी सिस्टर अपोलोनियांना घेऊन आलो होतो. रेजिनाला, मला आणि या फादरना शाळेत त्यांनीच शिकवलं होतं.

"आधी खिशातले हात काढ," सिस्टर फादरना म्हणाल्या. फादरनी काढले.

"हा प्रार्थनेत खिदळला, म्हणून मी शिक्षा दिली. मुलींच्या बाकावर, रेजिनाशेजारी बसवलं. आठवतं ना?"

"आठवतं, सिस्टर. पुढे त्यांनी लग्नही केलं. पण आता ती गेली."

"गेली, ते मला ठाऊक आहे. तिचे डोळे मीच मिटवले. पण मी याला अजून ऊठ म्हटलेलं नाही."

"होय, सिस्टर," फादर म्हणाले.