हाराजोगा फोटो

माझी बायको दानम्मा गेली तेव्हा हार घालायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. आठवडाभर आधी भाचीच्या लग्नात परळीच्या सिद्धारामनं नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं काढले होते, तेवढेच. म्हणून मी त्याच्या स्टुडिओत जाऊन बसलो. वायर लावून बराच वेळ झाला, तरी कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरता उतरेनात.

"काका, कॅमेरा लई भरलाय. वाईट फोटो हितंच उडवतो, मग बगा कसे भर्रकन उतरतेत," सिद्धाराम म्हणाला.

आचाऱ्याला झापणारी दानम्मा त्यानं उडवली. बँडवाल्याशी भांडणारी उडवली. पंगतीत खदखदून हसणारी, तीही उडवली.

"आरं, तिलाच कावून उडवायलास बे?"

"तोंड उघडं हाय, काका. असल्या फोटोला हार शोभत न्हाई."

शेवटी तिचा एकच उरला. कुणीतरी कुंकू लावताना ती क्षणभर गप बसली होती, तेव्हाचा. तो मात्र खरंच झटक्यात उतरला. सिद्धारामनं मोठा करून दिला. मी घरी येऊन भिंतीवर लावला, हार घातला, उदबत्ती लावली.

संध्याकाळी दानम्माची धाकटी बहीण भेटायला आली. फोटोसमोर उभी राहिली, हात जोडले आणि माझ्याकडं वळली.



"दाजी, ही कोन तुमच्याकडची? आन् आमच्या अक्काचा फोटो कावून न्हाई लावला?"